अमूर्त जलरंगात भावना नेमकी येते कुठून?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका लिलावात अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र सुमारे ६७ कोटी रुपयांना गेलं. चित्राला नाव नाही. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. अशी बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली की पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, ‘पण यात आहे काय?’ प्रश्न रास्त आहे, फक्त त्याचं उत्तर किमतीत सापडत नाही. किंमत ठरते मागणी, दुर्मीळपणा आणि नाव यांवर, आणि तो वेगळा विषय झाला. गायतोंडे तैलरंगात काम करत. इथे मात्र जलरंगाबद्दल बोलू, कारण दोन हजारांच्या आसपास सामान आणून हे सगळं घरच्या टेबलावर करून बघता येतं.

अमूर्त चित्र म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवता रंग, आकार, रेषा आणि मोकळी जागा यांच्याच जोरावर उभं राहणारं चित्र. एवढी व्याख्या पुरे.

## वस्तूच नाही, तर भावना कशी पोचते?

आई फोनवर ‘मी बरी आहे गं’ म्हणते आणि तेवढ्यात आपल्याला कळतं, काहीतरी बिनसलंय. शब्द एक सांगतात. आवाजाची पट्टी, वेग, मधे घेतलेला श्वास दुसरंच सांगतो. नेहमीच्या चित्रात वस्तू शब्दांचं काम करते. रडणारी बाई दिसली की दुःख कळलं. अमूर्त चित्रकार शब्द गाळतो आणि नुसता आवाज ठेवतो.

हा आवाज ऐकू येण्यासाठी कलेचं शिक्षण लागत नाही. १९२१ मध्ये हेल्गे लुंडहोम या मानसशास्त्रज्ञाने लोकांना ‘उदास’, ‘शांत’, ‘संतापलेलं’ असे शब्द देऊन प्रत्येकासाठी नुसती एक रेषा काढायला सांगितली. संतापासाठी बहुतेकांच्या रेषेला टोकदार कोन आले, शांततेसाठी संथ वळणं आली, उदास रेषा खाली झुकल्या. पुढे २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी एक काटेरी आणि एक गोलसर आकार दाखवून विचारलं, यातला ‘किकी’ कोण आणि ‘बूबा’ कोण? जवळपास सगळ्यांनी काटेरी आकाराला किकी म्हटलं. दोन्ही शब्दांना काही अर्थ नाही, तरी उत्तर एकच.

म्हणजे आकाराच्या बाबतीत आपण बरेचसे एकमताचे असतो. गोंधळ सुरू होतो तो रंगापाशी.

## लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती: हा तक्ता खरा का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो तक्ता अगदीच खोटा नाही, पण चित्र काढताना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

अमूर्त चित्रकार कांडिन्स्की जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत असताना, १९२३ च्या सुमाराला, त्यांनी एक प्रश्नावली वाटली. त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ दिलेलं. पिवळा, लाल आणि निळा यांपैकी कुठला रंग कुठे बसतो ते सांगायचं. त्यांच्या मते पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ, आणि तिथल्या बऱ्याच जणांनी तसंच लिहून दिलं. पुढे अशीच प्रश्नावली इतरांकडून भरून घेतली तेव्हा लाल त्रिकोण आणि पिवळं वर्तुळ अशी उत्तरं आली. कारण उघड आहे. रस्त्यावरची धोक्याची पाटी लाल त्रिकोणी असते आणि सूर्य पिवळा गोल. लोक ओळखीच्या गोष्टी आठवून उत्तरं देत होते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३० देशांतल्या साडेचार हजारांहून जास्त लोकांना रंग आणि भावना यांच्या जोड्या लावायला सांगितलं. देशोदेशीची उत्तरं पुष्कळशी जुळली, पण स्थानिक फरकही दिसले. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: लोकांना रंगांचे तुकडे नव्हे, रंगांची नावं दिली होती. ‘पिवळा’ हे नाव वाचून ठाण्यातल्या वाचकाला हळद आठवेल, ‘हिरवा’ म्हटलं की चुडा. कागदावर मात्र ‘पिवळा’ नसतो. तिथे एक विशिष्ट पिवळा असतो, पातळ किंवा दाट, स्वच्छ किंवा मळका, आणि त्याच्या शेजारी आणखी काहीतरी असतं.

रंगाला तीन अंगं असतात. छटा म्हणजे तो लाल की निळा. टोन म्हणजे गडद की फिका. आणि तेज म्हणजे किती शुद्ध, किती करडा. तक्ता फक्त छटेबद्दल बोलतो. १९९४ मध्ये व्हाल्देझ आणि मेहराबियन या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत भावनेवर जास्त परिणाम टोनचा आणि तेजाचा दिसला, छटेचा त्यामानाने कमी. जलरंग शिकवणारे वर्षानुवर्षं तेच सांगत आले आहेत: आधी टोन सांभाळा, रंग मागाहून बघू.

पटत नसेल तर एकाच रंगात करून बघा. पेन्स ग्रे (निळसर करडा) किंवा इंडिगोची (गडद निळा) एक ट्यूब घ्या आणि तळहाताएवढ्या तीन कागदांवर घुसमट, निवांतपणा आणि चिडचिड काढा. वस्तू काढायची नाही, मागे नाव लिहायचं नाही. मग घरातल्या कुणालाही विचारा, यातली चिडचिड कुठली? जमलं असेल तर रंगछटेशिवायही लोक बरोबर बोट ठेवतात. जमलं नसेल तर तिन्ही कागदांवर टोन सारखाच मध्यम पडलेला असतो. नवख्यांच्या दहातल्या आठ चित्रांचं दुखणं हेच, कारण जलरंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना ठसठशीत वाटलेला गडद तासाभराने मध्यम झालेला असतो. म्हणून ओल्यात ‘जरा जास्तच झाला’ वाटेल इतका गडद टाकायला शिकावं लागतं.

## खाडीतला गुलाबी

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऐरोली पुलावरून ठाणे खाडीकडे पाहिलं की ओहोटीच्या चिखलात फ्लेमिंगो दिसतात. चित्र काढायला बसलेला माणूस हमखास दुकानातला सर्वांत भडक गुलाबी आणतो आणि चित्र लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागतं. नीट पाहिलं तर पक्षी लांबून फिकट, पांढुरकेच असतात. ते गुलाबी पेटतात ते भोवतालच्या करड्या, हिरवट चिखलामुळे. रंग शेजाऱ्यामुळे बदलतो ही गोष्ट शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये सविस्तर मांडली. त्यांच्याकडे पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यातल्या रंगाईची जबाबदारी होती, आणि तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रार आली होती की तो फिका दिसतो. दोष धाग्यात नव्हता, शेजारच्या रंगांत होता.

तेव्हा आनंद हवा म्हणून सगळीकडे तेजस्वी रंग टाकले तर आनंद दिसत नाही, गोंगाट दिसतो. साधारण चार-पंचमांश चित्र शांत, करडं ठेवा आणि उरलेल्यात शुद्ध रंग येऊ द्या. करडा रंग काळ्या ट्यूबमधून काढू नका. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की जिवंत करडा मिळतो. निळा वाढवला तर थंड, तपकिरी वाढवला तर उबदार. या दोन ट्यूबांतच अर्धं काम होतं.

## जलरंगच का? पाणी काय करतं?

जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. प्रकाश पारदर्शक रंगातून आत जातो, कागदावर आपटून परत येतो, म्हणून रंग आतून उजळल्यासारखा वाटतो. ज्या ठिकाणी सर्वांत जास्त उजेड हवा तिथला कागद पहिल्यापासून कोरा राखावा लागतो. मागाहून तो परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट कडेची. कोरड्या कागदावर रंग लावला तर आकाराची कड धारदार येते. ओल्या कागदावर सोडला तर तो पसरतो आणि कड विरघळते. धारदार कड ठाम असते, टोचते, नजर अडवते. विरलेली कड संदिग्ध, लांबची, आठवणीतल्यासारखी वाटते. तोच निळा, तोच आकार, फक्त कड बदलली तरी भावना पालटते. माझ्या मते अमूर्त जलरंगातलं सर्वांत प्रभावी हत्यार रंग नव्हे, कड आहे. आणि कड ठरते ती ब्रश टेकवताना कागद किती ओला आहे त्यावरून.

ते ओळखायचं चमकेवरून. खिडकीकडे तोंड करून कागद तिरका धरा. पाणी आरशासारखं चकाकत असेल तर रंग वाटेल तिकडे पळेल, थांबा. चमक एकसारखी, मंद झाली की रंग टाकण्याची वेळ आली. पसरेल, पण बेताने. चमक गेली, पण हाताची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागतो, ही सर्वांत धोक्याची अवस्था. या वेळी ओला ब्रश लावला की फुलकोबीसारखा डाग उमटतो. गार लागणं थांबलं म्हणजे कागद वाळला, आता धारदार कड निघेल.

मिनिटांचा हिशेब ठेवू नका. ठाण्यात एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली जी चमक पाच-सात मिनिटांत उतरते, ती जुलैत वीस मिनिटंही टिकते. पावसाळ्यात विरलेल्या कडा फुकट मिळतात, थर वाळण्याची वाट मात्र फार बघावी लागते. हेअर ड्रायर चालतो, पण चमक पूर्ण उतरल्यावरच आणि हातभर लांबून. आधी लावला तर वाऱ्याने ओला रंग ढकलला जातो.

## एक चित्र, पायरीपायरीने: हुरहूर

सामान असं: ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत पोताचा कागद, ११ × १५ इंच. साधा सेल्युलोजचा कागद पाणी पटकन पितो आणि वर सांगितलेल्या अवस्था गाठायला वेळच देत नाही, म्हणून पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा, कागदात नको. एक इंची चपटा ब्रश, १२ नंबरचा गोल ब्रश. पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. रंग तीनच: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, परमनंट रोझ.

कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने फळीवर चिकटवा. पेन्सिल लावू नका. आपण बरेच जण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन आलेलो असतो आणि आधी बाह्यरेषा, मग आत रंग ही सवय हातात बसलेली असते. संकल्पचित्रात ती कामाची, इथे नाही. रेषा काढली की हात तिच्यापर्यंत रंग नेतो आणि कड आपोआप धारदार होते.

चपट्या ब्रशने वरचा दोन-तृतीयांश कागद स्वच्छ पाण्याने भिजवा. खालचा पट्टा कोरडा ठेवा. चमक मंद होईपर्यंत रंग तयार करा: मटारएवढा अल्ट्रामरीन, त्यात टोकावर येईल एवढा सिएना, दोन चमचे पाणी. फळीखाली एखादं पुस्तक घालून ती थोडी तिरकी करा. डावीकडून वरच्या कोपऱ्यात रंग सोडा आणि तो खाली उतरू द्या. ब्रश मागे-पुढे फिरवू नका. उजवीकडे रंग पोचला नाही तर उत्तम, तिथला फिकेपणा लागणार आहे.

अर्धी चमक उतरली की ब्रश फडक्यावर टिपून घ्या आणि परमनंट रोझ जवळजवळ ट्यूबमधून निघतो तसा दाट उचला. डाव्या बाजूला, मध्याच्या किंचित वर, एकदाच टेकवा. तो कडांनी हळूहळू विरेल. इथे हात शिवशिवतो. लावू नका.

कागद पूर्ण वाळू द्या. मग अल्ट्रामरीन आणि सिएनाचा दाट, काळसर गडद करून उजवीकडे खाली, कोरड्या पट्ट्याच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा एक उभा, धारदार आकार काढा. झालं.

आता बघा काय घडलं. गुलाबी मऊ आहे, विरतो आहे. गडद आकार ठाम आहे, एकटा आहे. आणि दोघांच्या मधे बराचसा फिका कागद आहे. हुरहूर त्या मधल्या जागेत आहे. तोच गडद आकार गुलाबीपासून एका सेंटीमीटरवर आणला असता तर ताण तयार झाला असता, भिडवला असता तर झटापट. चित्र एकच, अंतर बदललं की भावना बदलली. हे करून पाहण्यासाठी गडद आकार काळ्या कागदातून कापून घ्या आणि वाळलेल्या चित्रावर सरकवून बघा. पाच मिनिटांत जे कळेल ते वाचून कळत नाही.

## बिघडतं कुठे?

सर्वांत जास्त तक्रार ‘रंग गढूळ होतो’ ही. लोक समजतात रंग जास्त झाले. खरं तर लाल, पिवळा आणि निळा तिन्ही कुळांतले रंग ओल्यात एकत्र घासले गेले की ते एकमेकांचं तेज मारतात. ओल्यात दोनच रंग मिसळा; तिसरा हवा तर हुरहुरीतल्या गुलाबीसारखा न घासता एकदाच टेकवा, नाहीतर खालचा थर वाळल्यावर वरून पातळ चढवा. घासण्यामुळे आणखी एक नुकसान होतं: खाली स्थिरावलेले रंगकण पुन्हा उठतात आणि कागदाचा पोत सोलवटतो.

फुलकोबीचे डाग पडतात ते ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे. जादा पाणी अर्धवट ओल्या रंगात घुसतं, रंगकणांना पुढे ढकलतं आणि थांबतं तिथे दातेरी कड सोडतं. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: कागद जितका वाळत जाईल तितका ब्रश त्याहून कोरडा हवा. पण अस्वस्थता किंवा पडझड दाखवायची असेल तर मुद्दाम पाण्याचे थेंब सोडून हेच डाग आणतात.

आणखी एक दुखणं खास आपल्या दमट हवेचं. कागदावर कारखान्यात सरसासारखा एक थर दिलेला असतो, त्यामुळे रंग लगेच आत शोषला जात नाही. एक-दोन पावसाळे कपाटात उघडा राहिलेला कागद हा थर जागोजागी गमावतो आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकला की गडद ठिपके उमटतात. ते कुठल्याही उपायाने जात नाहीत. कागद बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

## ‘हे तर माझी पोरगीही काढेल’

२०११ मध्ये अमेरिकेत हॉली-डोलन आणि विनर या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांची किंवा माकड, हत्ती अशा प्राण्यांची दिसायला मिळतीजुळती चित्रं जोडीने दाखवली. काही जोड्यांना तर लेबलंही मुद्दाम उलटी लावली. तरीही कलेचं शिक्षण नसलेल्यांनीसुद्धा निम्म्याहून स्पष्टपणे अधिक वेळा चित्रकाराचंच चित्र निवडलं. प्रत्येक वेळी नाही, हेही खरं. ओळखू येतं ते बहुधा ‘हे असंच हवं होतं’ याचं भान: अंतर ठरवलेलं, कड ठरवलेली, कुठे थांबायचं ते ठरवलेलं. लहान मुलाचं चित्र वाईट नसतं, पण ते कागद हातातून काढून घेतला तेव्हा थांबलेलं असतं.

## ‘मी दुःख काढलं, त्यांना शांतता वाटली. मग?’

असं होणारच. बघणाऱ्यांचं एकमत दोन गोष्टींवर लवकर होतं: चित्रात जोर किती आहे आणि ते जड वाटतं की हलकं. त्या भावनेला नाव काय द्यायचं यावर होत नाही. दुःख आणि शांतता दोन्ही संथ असतात, फरक वजनाचा. गडद भाग खाली आणि पसरट ठेवला तर चित्र टेकतं, शांत वाटतं. तोच गडद वरच्या कडेला, खाली फिकं, असं केलं तर डोक्यावर ओझं आल्यासारखं वाटतं. समोरच्याचं ऐकून चित्राला मोठं नाव देऊन टाकू नका. आधी कागद उलटा धरून बघा, कित्येकदा तेवढंच पुरतं.

## ‘आधी हुबेहूब काढता यायला हवं ना?’

चेहरा, हात, घोडा येण्याची गरज नाही. टोन ओळखता यायला हवा आणि पाणी हातात यायला हवं. स्थिरचित्राचा सराव त्यासाठी चांगला, सक्तीचा नाही. आणि मनात साचलेलं कागदावर काढल्याने हलकं वाटलं तरी हा उपचार नव्हे. कलोपचार हे प्रशिक्षित माणसाचं स्वतंत्र काम आहे.

## टिकणार किती?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. हुरहुरीच्या चित्रात सगळी मदार एका गुलाबीवर आहे. तो उडाला की उरेल एक काळा ठिपका. खाडीच्या गुलाबीसाठी अनेक जण ऑपेरा पिंक आणतात. त्यातला झगमगता घटक उन्हात लवकर मरतो. जुना अलिझरिन क्रिमसनही उडतो. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीआर ८३ (PR83, म्हणजे तोच अलिझरिन) दिसला तर परत ठेवा, पीव्ही १९ (PV19) असेल तर निर्धास्त घ्या. नुसत्या नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली दोन कंपन्या वेगळी द्रव्यं भरतात.

फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. काच कागदाला टेकली तर पावसाळ्यात आतल्या दमटपणाने बुरशी धरते. आणि घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांत हॉलच्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला असतील, तर त्यांच्या समोरची भिंत सोडून चित्र आतल्या पॅसेजमध्ये लावा.